‘कोटी व्होल्ट’ची टॉर्च आणि कायद्याची पोकळी

शिवाजी पार्कच्या कट्ट्याभोवती पहाटे साडेपाचपासून फेऱ्या सुरू होतात. थंडीच्या दिवसांत त्या वेळी चांगलाच अंधार असतो. पूर्वी ज्येष्ठांच्या हातात एखादी काठी असे, तीही बहुधा भटक्या कुत्र्यांसाठी. आता काहींच्या हाती काठीऐवजी जाडजूड काळी टॉर्च दिसते. एक बटण दाबले की उजेड पडतो. दुसरे दाबले की टोकाशी निळी ठिणगी उडते आणि ताडताड आवाज होतो. कुणी ती मुलीसाठी घेतलेली असते, कुणी रात्रपाळी करून दादर स्टेशनवरून एकटी घरी येणाऱ्या सुनेसाठी. खोक्यावर मोठ्या अक्षरांत व्होल्टचा आकडा छापलेला असतो. कधी लाखांत, तर कधी चक्क कोटींत.

हीच स्टन गन. बोलीत ‘शॉकवाली टॉर्च’. ती मोबाइलवर मागवता येते आणि फुटपाथवरही मिळते. घेताना वय विचारले जात नाही, नाव लिहून घेतले जात नाही. विकणाऱ्याला आणि घेणाऱ्याला दोघांनाही वाटते की हे खेळण्यापेक्षा थोडे जास्त आणि शस्त्रापेक्षा बरेच कमी आहे. वैद्यकशास्त्राच्या बाजूने पाहिले तर हा समज दोन्ही टोकांना चुकतो. हल्लेखोराला रोखण्याच्या कामात हे उपकरण जाहिरातीपेक्षा पुष्कळ दुबळे आहे, आणि चुकीच्या माणसाच्या हाती पडले तर समजापेक्षा पुष्कळ घातक आहे.

चाकूपासून स्प्रेपर्यंत

स्वसंरक्षणाचे साधन वाटण्याचा प्रकार या भागाला नवा नाही. १६ डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतील घटनेनंतर देश हादरला होता. त्यानंतर सुमारे सव्वा महिन्याने, २३ जानेवारी २०१३ रोजी, बाळासाहेब ठाकरे यांच्या जयंतीचे निमित्त साधून दक्षिण-मध्य मुंबईत शिवसेनेच्या वतीने स्त्रियांना हजारो छोटे चाकू वाटण्यात आले. पाते साधारण तीन इंचांचे. त्या वेळच्या शस्त्र नियमांतली चाकूची मर्यादा नऊ इंच लांबी किंवा दोन इंच रुंदी अशी होती, त्यामुळे हे चाकू परवान्याच्या कक्षेत येत नव्हते. टीका झाली, कौतुकही झाले, आणि विषय मागे पडला. मात्र ज्याने रोज जखमा पाहिल्या आहेत अशा कुठल्याही शल्यचिकित्सकाला त्याच वेळी एक प्रश्न पडला असणार. झटापटीत चाकू शेवटी कुणाच्या हातात राहतो?

पुढे चाकूची जागा पेपर स्प्रेने घेतली. १३ फेब्रुवारी २०१४ रोजी लोकसभेत एका खासदाराने तो फवारला. काही खासदारांना राममनोहर लोहिया रुग्णालयात न्यावे लागले आणि बंद सभागृहात हा फवारा मित्र-शत्रू पाहत नाही, हे अख्ख्या देशाने दूरचित्रवाणीवर पाहिले. २०२४ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने एका प्रकरणात पेपर स्प्रेला धोकादायक शस्त्र म्हटले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयातील डॉक्टर तरुणीच्या हत्येनंतर महाराष्ट्रातले निवासी डॉक्टर संपावर गेले आणि रात्रपाळीच्या सुरक्षेचा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आला. अशा प्रत्येक लाटेनंतर बाजारात नवे साधन येते. सध्याचे साधन विजेचे आहे.

व्होल्टचा आकडा आणि शाळेतले भौतिकशास्त्र

खोक्यावरचा आकडा खरा की खोटा, हे तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. मोजपट्टी पुरते. कोरड्या हवेतून एक सेंटिमीटर लांबीची ठिणगी उडायला साधारण ३० हजार व्होल्ट लागतात. टोके अणकुचीदार असतील तर त्याहून कमी. या टॉर्चच्या दोन टोकांतले अंतर दोन-अडीच सेंटिमीटर असते. म्हणजे तिथला दाब फार तर ७०-७५ हजार व्होल्ट असेल, आणि तोही अंगाला न टेकवता हवेत ठिणगी उडवतानाचा. खरोखरच एक कोटी व्होल्ट असते तर ठिणगी तीन मीटरहून लांब उडाली असती, म्हणजे चाळीतल्या खोलीच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत. तेव्हा हा आकडा केवळ गिऱ्हाइकाला भुलवण्यासाठी आहे.

शिवाय नुसत्या व्होल्टने माणूस दगावत नाही. नागपूरच्या कोरड्या थंडीत स्वेटर काढताना जी चिमटी बसते, तिच्यातही काही हजार व्होल्ट असतात. इजा ठरते ती शरीरातून किती प्रवाह गेला, किती वेळ गेला आणि कोणत्या वाटेने गेला यावर. घरातल्या २३० व्होल्टच्या विजेचा दहा मिलिअॅम्पियर प्रवाह हातातून गेला तर बोटे मिटतात आणि तार सोडता येत नाही. शंभरेक मिलिअॅम्पियर छातीतून सेकंद-दोन सेकंद गेला तर हृदयाची लय बिघडू शकते.

मग पोलीस वापरतात त्या, तारेला बांधलेले दोन काटे दूरवर सोडणाऱ्या उपकरणाने माणूस कोसळतो पण बहुधा मरत नाही, हे कसे? १९७० च्या दशकात जॅक कव्हर या अमेरिकन संशोधकाने ते बनवले. ‘टेसर’ हे त्याचे व्यापारी नाव पुढे जगभर रूढ झाले. त्यामागचे तत्त्व नेमके आहे. स्नायू हलवणाऱ्या चेतातंतूंना जागे व्हायला सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाइतका झटका पुरतो. हृदयाच्या स्नायूला त्याच्या कित्येक पट जास्त वेळ लागतो. म्हणून या उपकरणात अतिशय आखूड झटके दिले जातात. पोलिसांकडे बरीच वर्षे वापरात असलेल्या एका प्रकारात सेकंदाला सुमारे १९ झटके, एका वेळी पाच सेकंद, आणि सरासरी प्रवाह दोन-तीन मिलिअॅम्पियर अशी रचना होती. अंगभर स्नायू आखडतात, माणूस लाकडासारखा पडतो, आणि हृदय बहुतेक वेळा आपल्या तालात चालू राहते. गॅल्व्हानीने अठराव्या शतकाच्या अखेरीस बेडकाच्या पायावर जे पाहिले, तेच इथे माणसाच्या पूर्ण शरीरावर घडते.

‘बहुतेक वेळा’ या शब्दांत काय दडले आहे

वाद आहे तो या ‘बहुतेक वेळा’बद्दल. २०१२ मध्ये डग्लस झाइप्स या हृदयविद्युततज्ज्ञाने ‘सर्क्युलेशन’ या नियतकालिकात आठ जणांच्या नोंदी मांडल्या. छातीवर काटे रुतून झटका बसल्यानंतर या सर्वांची शुद्ध हरपली होती. झटक्यांनी हृदयाचे ठोके जबरदस्तीने वाढवले आणि त्यातून काहींची लय प्राणघातक रीतीने बिघडली, असे त्याचे म्हणणे होते. त्यावर टीकाही झाली. झाइप्स न्यायालयात अशा खटल्यांत उत्पादकाच्या विरोधात साक्ष देत होता, आणि लाखो वेळा वापर झालेल्या उपकरणाबद्दल आठ नोंदींवरून किती बोलायचे, हा आक्षेप रास्तच होता. अमेरिकेच्या न्याय खात्याच्या संशोधन संस्थेने २०११ मध्ये निष्कर्ष काढला होता की निरोगी प्रौढांमध्ये मृत्यूचा मोठा धोका असल्याचा निर्णायक पुरावा नाही. मात्र निर्मात्या कंपनीनेच २००९ मध्ये पोलिसांना शक्यतो छातीवर नेम धरू नका असे सांगितले, हेही विसरता येणार नाही.

दोन्ही बाजू एकत्र वाचल्या की चित्र स्पष्ट होते. धडधाकट तरुणाला एक छोटा झटका बसला तर हृदयाला धोका फार कमी. पण झटका लांबला, पुन्हा पुन्हा दिला, छातीवर दिला, माणूस मुळात हृदयरोगी असला, अमली पदार्थाच्या अंमलाखाली असला किंवा बारीक अंगाचे मूल असले, तर ‘फार कमी’ हे शब्द वापरायला कोणताही विचारी डॉक्टर धजणार नाही. २००७ मध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हर विमानतळावर पोलंडहून आलेल्या, भाषा न समजणाऱ्या, गोंधळलेल्या एका प्रवाशाला पोलिसांनी एकामागून एक झटके दिले आणि तो तिथेच मेला. त्या मृत्यूची चौकशी झाली आणि तिथले पोलिसांचे नियम कडक झाले.

हृदयाखेरीज इतर इजा तर रोजच्या समजुतीतल्या आहेत. आखडलेला माणूस हात पुढे करू शकत नाही. तो थेट डोक्यावर पडतो. फलाटाच्या कडेला, जिन्यात किंवा फुटपाथच्या धारदार दगडाशेजारी अशा पडण्याची किंमत मेंदूतल्या रक्तस्रावाने मोजावी लागते. स्नायूंच्या जोरदार आकुंचनाने मणका दबल्याच्या आणि काटा डोळ्यात गेल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. काही पेपर स्प्रेमध्ये अल्कोहोलसारखा पेटणारा द्रव असतो. तो अंगावर असताना ठिणगी पडली तर कपडे पेट घेऊ शकतात. ‘दोन्ही साधने जवळ ठेवा’ असा सल्ला देणाऱ्यांना ही गोष्ट बहुधा माहीत नसते.

दादरच्या गर्दीत ते कितपत चालते?

आता मुळाशी येऊ. बाजारातली टॉर्च आणि पोलिसांचे उपकरण या दोन वेगळ्या वस्तू आहेत. पोलिसांच्या उपकरणाचे दोन काटे अंगावर एकमेकांपासून हातभर अंतरावर रुतले, तर प्रवाह मधल्या सगळ्या स्नायूंमधून जातो आणि माणूस कोसळतो. टॉर्चची दोन टोके दोन-तीन बोटांच्या अंतरावर असतात. प्रवाह कातडीजवळच्या छोट्याशा वाटेने जातो. मोठे स्नायू त्याच्या कचाट्यात येतच नाहीत. म्हणजे टॉर्चने वेदना होते, भरपूर होते, पण माणूस निकामी होईलच असे नाही. दारूच्या नशेत किंवा संतापाच्या भरात असलेल्या माणसाला वेदना उशिरा जाणवते, आणि हल्लेखोर पुष्कळदा नेमका त्याच अवस्थेत असतो.

त्यात टॉर्च वापरायची तर हल्लेखोर हाताच्या अंतरावर हवा, टोके त्याच्या अंगाला टेकलेली हवीत, आणि ती तशीच काही सेकंद दाबून धरायला हवीत. जाड कपडा मध्ये आला की जोर कमी. बॅटरी उतरलेली असेल तर नुसता आवाज. शेवटी तोच जुना, चाकूच्या वेळचा प्रश्न उरतो. हिसकाहिसकीत उपकरण कुणाच्या हातात राहील?

आणखी एक आकडा इथे ध्यानात घ्यायला हवा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांत वर्षानुवर्षे एकच गोष्ट दिसते. नोंदल्या गेलेल्या बलात्काराच्या गुन्ह्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी स्त्रीच्या ओळखीचा असतो. नातेवाईक, शेजारी, मित्र, सहकारी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार देशातल्या विवाहित स्त्रियांपैकी सुमारे २९ टक्के स्त्रियांनी नवऱ्याकडून हिंसा सोसलेली आहे. अंधाऱ्या रस्त्यावरचा अनोळखी माणूस हा धोका खरा आहे, पण तो सगळ्यात मोठा नाही. आणि घरात आलेली टॉर्च ज्या कपाटात असते, त्या कपाटाची चावी बहुधा घरातल्या पुरुषाकडेही असते.

ही शंका हवेतली नाही. अंगाला टेकवून झटका देणारी उपकरणे जगभर छळासाठी वापरली गेली आहेत, कारण ती वेदना खूप देतात आणि खूण फारशी ठेवत नाहीत. कातडीवर जेमतेम दोन लालसर ठिपके, ठरावीक अंतरावर, काही दिवसांत पुसट होणारे. संयुक्त राष्ट्रांच्या छळविषयक विशेष प्रतिवेदक अॅलिस एडवर्ड्स यांनी २०२३ च्या अहवालात थेट अंगाला लावायच्या विद्युत उपकरणांवर बंदीची मागणी केली. युरोपीय संघाने छळाच्या साधनांच्या व्यापारावर २००५ पासून नियम केले आहेत आणि विद्युत-झटक्याची साधने त्यांच्या कक्षेत आहेत.

कायदा काय म्हणतो

१९५९ च्या शस्त्र कायद्यातली ‘शस्त्र’ या शब्दाची व्याख्या विस्तृत आहे. हल्ल्यासाठी किंवा बचावासाठी हत्यार म्हणून बनवलेली कोणतीही वस्तू तीत येते. केवळ घरगुती वा शेतीच्या उपयोगाची काठी, चालताना टेकायची साधी काठी आणि निव्वळ खेळणी तेवढी वगळली आहेत. ‘स्वसंरक्षणासाठी’ असे खोक्यावर छापलेली टॉर्च या व्याख्येतून सहज सुटत नाही. पण प्रत्येक शस्त्राला परवाना लागतोच असे नाही. परवाना कशाला, हे नियम आणि त्यांची अनुसूची ठरवतात. २०१६ च्या शस्त्र नियमांनी अंतरावरून काटे किंवा विजेचा मारा करणाऱ्या उपकरणांची दखल घेतली. हातात धरून टेकवायच्या टॉर्चचे स्थान मात्र तितके ठळक नाही. विक्रेता म्हणतो चालते, पोलीस ठाण्यातला अंमलदार म्हणतो बघावे लागेल, आणि वकील म्हणतो प्रकरणावर अवलंबून आहे.

मुंबईत त्यावर आणखी एक थर आहे. महाराष्ट्र पोलीस कायदा, १९५१, म्हणजे पूर्वीचा मुंबई पोलीस कायदा. त्याच्या कलम ३७ खाली सार्वजनिक शांततेसाठी प्रतिबंधात्मक आदेश काढता येतात. अशा आदेशात शस्त्रे, सोटे, तलवारी, भाले, बंदुका, चाकू, काठ्या यांच्यासोबत ‘शारीरिक हिंसेसाठी वापरता येईल अशी कोणतीही वस्तू’ बाळगण्यास मनाई करता येते. असे आदेश मुंबईत सणासुदीला, निवडणुकीला, मोर्चांच्या काळात वरचेवर निघतात. म्हणजे एखाद्या आठवड्यात पर्समध्ये टॉर्च ठेवून शिवाजी पार्कवरून जाणारी तरुणी आपल्या नकळत आदेशाचा भंग करत असू शकते. विमानात तर ती हातातल्या सामानात नेता येतच नाही.

वापर झाल्यावरचा प्रश्न वेगळा. भारतीय न्याय संहितेची कलमे ३४ ते ४४ खासगी बचावाचा हक्क देतात. लैंगिक अत्याचाराच्या हेतूने केलेल्या हल्ल्यात हा हक्क हल्लेखोराचा मृत्यू घडवण्यापर्यंतही जातो. अट एकच. बचावासाठी आवश्यक तेवढीच इजा. पळणाऱ्या माणसामागे धावून दिलेला झटका बचाव ठरत नाही. याउलट टॉर्च गुन्ह्यासाठी वापरली तर कलम ११८ लागेल का, हे पुष्कळदा एका वैद्यकीय प्रश्नावर येऊन थांबते. हत्यार म्हणून वापरल्यास मृत्यू होण्याचा संभव असेल अशा साधनाने दुखापत झाली काय? तपासणी अधिकारी हा प्रश्न अपघात विभागातल्या डॉक्टरकडे पाठवतो. डॉक्टरच्या हाती असतात दोन पुसट ठिपके आणि व्होल्टचा खोटा आकडा छापलेले एक उपकरण. त्यातून ठाम मत द्यायचे तरी कशाच्या आधारावर?

कायद्याच्या संदिग्धतेचा भार असा दोघांवर पडतो. प्रामाणिकपणे स्वतःच्या रक्षणासाठी साधन घेणाऱ्या स्त्रीला ते कायदेशीर आहे की नाही हे कळत नाही. आणि ज्याच्यावर ते वापरले गेले त्याची जखम कागदावर उमटत नाही. फायदा होतो तो विकणाऱ्याचा आणि छळणाऱ्याचा.

बाहेरच्या देशांनी काय केले

ब्रिटनने सगळ्यात कडक वाट धरली. १९६८ च्या कायद्यात मज्जाव असलेल्या शस्त्रांत स्टन गन मोडते. १९८८ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायपीठाने त्यावर शिक्कामोर्तब केले. पेपर स्प्रेही तिथे त्याच रांगेत आहे. अमेरिकेत उलटे घडले. मॅसॅच्युसेट्स राज्यात बंदी होती. पूर्वीच्या जोडीदाराच्या मारहाणीला कंटाळलेल्या एका स्त्रीने स्टन गन जवळ ठेवली आणि तिच्यावर खटला झाला. २०१६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने राज्याच्या न्यायालयाची कारणे एकमताने फेटाळली आणि २०१८ मध्ये राज्यातली सरसकट बंदी गेली. विशेष म्हणजे त्या स्त्रीने उपकरण वापरलेच नव्हते. ते नुसते दाखवल्यावर तो माणूस निघून गेला होता. साधनाची बाजू मांडणाऱ्यांचा हा सर्वांत वजनदार दाखला आहे आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. दक्षिण कोरियाने मधली वाट घेतली. तिथे अशा उपकरणांसाठी परवाना लागतो.

भारताने यांतले काहीच ठरवलेले नाही, असे म्हणणे जास्त कडक होईल. पण जे ठरवले ते बाजारापर्यंत पोहोचलेले नाही, हे खरे.

राज्याच्या हातात काय आहे

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत शस्त्रे हा विषय केंद्राच्या यादीत आहे. त्यामुळे महाराष्ट्राला स्वतःचा ‘स्टन गन कायदा’ करता येणार नाही. अॅसिडचे तसे नव्हते. विषे हा विषय समवर्ती यादीत असल्याने राज्यांना नियम करता आले. १८ जुलै २०१३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने विक्रेत्याला नोंदवही, ओळखपत्र आणि १८ वर्षांची अट घातली. त्या आदेशाच्या अडीच महिने आधीच वांद्रे टर्मिनसवर एका तरुण परिचारिकेवर झालेल्या अॅसिडहल्ल्याने मुंबई सुन्न झाली होती. तो अनुभव दोन गोष्टी शिकवतो. एक, विक्रीची नोंद ठेवणे शक्य असते. दोन, तपासणी झाली नाही तर नोंदवही दुकानात कोरीच राहते.

शस्त्रे केंद्राच्या यादीत असली तरी राज्याचे हात बांधलेले नाहीत. पोलीस आणि सार्वजनिक सुव्यवस्था राज्याकडे आहे. कोणते उपकरण चालते आणि कोणते नाही, हे साध्या मराठीत एका पानावर लिहून पोलीस ठाण्यांत लावता येईल आणि प्रतिबंधात्मक आदेशातही स्पष्ट करता येईल. वैधमापन विभाग राज्याचाच. पाकिटावर उत्पादकाचा वा आयातदाराचा पत्ता आणि किंमत नसेल तर ते पाकीट विकणे मुळात बेकायदा आहे, आणि फुटपाथवरच्या पुष्कळ टॉर्च एवढ्यावरच जप्त होतील. कोटी व्होल्टची जाहिरात ही ग्राहकाची फसवणूक आहे. तिच्यासाठी २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आणि त्याखालचे केंद्रीय प्राधिकरण आहे. केंद्राकडे मागणी करायची ती वेगळी: टेकवायच्या उपकरणांचे स्थान नियमांत स्पष्ट करा, झटक्याची ताकद आणि कालावधी यांना मानक ठरवा, आणि अल्पवयीनांना विक्री बंद करा.

सरसकट बंदीची मागणी मात्र घाईची ठरेल. बंदी आली की प्रामाणिक माणूस साधन टाकून देतो, बाकीचे लपवतात. शिवाय रात्री अकराला एकटीने घरी जाणाऱ्या बाईला ‘हे घेऊ नको’ एवढेच सांगून व्यवस्था मोकळी होऊ शकत नाही. रस्त्यावरचे दिवे, फलाटावरचा पोलीस, वेळेवर येणारी बस आणि ठाण्यात गेल्यावर ताबडतोब लिहून घेतली जाणारी तक्रार ही तिची पहिली संरक्षक साधने आहेत. ती तिने विकत घ्यायची नसतात.

आरोग्य खात्यासाठी एक काम तर उद्यापासून करण्यासारखे आहे. वैद्यकीय-न्यायिक तपासणीत विजेच्या झटक्याची शंका आली तर ठिपक्यांची संख्या, त्यांतले अंतर आणि जागा मोजपट्टी ठेवून छायाचित्रासह नोंदवावी. ठिपक्यांतले अंतर जप्त उपकरणाच्या टोकांशी जुळते का, हे नंतर तपासता येते. ठिपके चार दिवसांत जातात, नोंद राहते. घरातल्या हिंसेची शंका असेल तर तिथेच समुपदेशकाची गाठ घालून द्यावी. २००० च्या सुमारास वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात सुरू झालेले ‘दिलासा’ केंद्र हे मुंबई महापालिकेच्या रुग्णालयांतले त्याचे जुने आणि चांगले उदाहरण आहे.

झटका बसला तर

झटका थांबल्यावर त्या माणसाला हात लावायला हरकत नाही, त्याच्या अंगात वीज उरत नाही. तो बेशुद्ध असेल आणि श्वास नीट चालत नसेल तर ताबडतोब छाती दाबण्यास सुरुवात करावी आणि १०८ ला फोन करावा. डोक्यावर पडला असेल, छातीत दुखत असेल, धडधड होत असेल, भोवळ आली असेल तर ‘आता बरे वाटते’ म्हणून घरी जाऊ नये, ईसीजी करून घ्यावा. गरोदर स्त्री, पेसमेकर बसवलेली व्यक्ती, फिट्सचा आजार असलेली व्यक्ती आणि लहान मूल यांना लक्षण नसले तरी दाखवावे. रुतलेला काटा, विशेषतः चेहऱ्यावरचा, स्वतः उपटू नये.

पेपर स्प्रे डोळ्यात गेला तर चोळू नये. कॉन्टॅक्ट लेन्स काढावी आणि वाहत्या पाण्याने निदान पंधरा मिनिटे डोळे धुवावेत. दुधाने पाण्यापेक्षा जास्त फायदा होत असल्याचा पुरावा नाही. दम्याच्या रुग्णाने इनहेलर घेऊन लगेच रुग्णालय गाठावे. मिरचीपूड जवळ ठेवण्याचा जुना सल्ला मात्र सोडून द्यावा. तिचे कण बुबुळावर ओरखडे पाडतात, आणि वारा उलटा असेल तर ते आपल्याच डोळ्यात जातात.

टॉर्च आधीच घेतलेली असेल तर ती मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवावी. काही टॉर्च थेट प्लगमध्ये खोचून चार्ज कराव्या लागतात, त्या ओल्या हाताने लावू नयेत. गंमत म्हणून मित्राला किंवा कुत्र्याला झटका देणे ही गंमत नव्हे, गुन्हा आहे. आणि संकटात तिच्यावर विसंबून थांबू नये. आरडाओरडा करावा, उजेडाकडे आणि माणसांकडे पळावे, ११२ फिरवावा. मुंबईत स्त्रियांसाठी १०३ आणि राज्यभर १८१ हे क्रमांक आहेत.

शिवाजी पार्कावर मल्लखांबावर चढणाऱ्या मुली रोज संध्याकाळी दिसतात. त्यांच्या मनगटातला जोर आणि पायातला वेग कुठल्याही खोक्यात मिळत नाही. पण तो जोर आला म्हणून अंधाऱ्या रस्त्यावर दिवा लावण्याची जबाबदारी त्यांच्याकडे जात नाही. ती महापालिकेची आणि सरकारचीच राहते. पहाटे टॉर्च घेऊन निघणाऱ्याला तिच्यातला उजेडच पुरेसा वाटावा आणि दुसऱ्या बटणाची गरज पडू नये, इतकीच अपेक्षा व्यवस्थेकडून आहे.